वाद नेमका कशाचा?

तर्कशास्त्र हा विषय बी. ए. ला घेतला असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर दोनच भाव उमटतात. एक, "बिचाऱ्याला दुसरा विषय मिळाला नसावा" हा. आणि दुसरा, "आता हा आपल्याशी वाद घालणार" हा. पहिल्या भावाबद्दल मला काही म्हणायचे नाही. दुसऱ्याबद्दल मात्र म्हणायचे आहे, कारण वाद घालणे म्हणजे काय हेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक नसते, आणि मलाही ते परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते.

झाले असे की, पदवीनंतर कायद्याच्या अभ्यासक्रमाला जायचे मनात असल्यामुळे प्रवेश परीक्षांची पुस्तके चाळायला मी सुरुवात केली. या परीक्षांत तर्कबुद्धी तपासणारा एक विभाग असतो. आपल्याकडच्या 'क्लॅट' परीक्षेत 2020 पासून हे प्रश्न उताऱ्यांवर आधारलेले असतात. अमेरिकेतील विधी महाविद्यालयांसाठी 1948 पासून घेतल्या जाणाऱ्या 'एलसॅट' परीक्षेत तर ऑगस्ट 2024 नंतर गुण मोजल्या जाणाऱ्या तीन विभागांपैकी दोन याच प्रकारचे आहेत. त्या अमेरिकन परीक्षेत प्रश्नाचा एक नमुना असा असतो : दोन माणसे बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन वाक्ये. खाली पाच विधाने दिलेली असतात आणि विचारलेले असते की, या दोघांच्या बोलण्यावरून पाहता त्यांचा मतभेद यांपैकी कोणत्या विधानाबाबत आहे?

वाचताना वाटते, यात काय विशेष? दोन माणसे भांडत आहेत, कशावरून भांडत आहेत ते सांगायचे. हे तर चावडीवर बसलेला कोणीही सांगेल! मीही तसेच समजलो आणि पहिल्या दहा प्रश्नांपैकी सहा चुकवले.

आमच्या सरांनी त्याच धर्तीवर वर्गात एक प्रश्न तयार करून दिला होता. तो येथे देतो, म्हणजे वाचकांनाही हात साफ करता येईल.

सुमन म्हणते : "गावच्या वाचनालयाने वर्गणी वाढवू नये. वर्गणी वाढवली की सभासद कमी होतात आणि सभासद कमी झाले की वाचनालय बंद पडते."

दिगंबर म्हणतो : "आपले सभासद कमी झाले ते वर्गणीमुळे नव्हे. वर्गणी वाढवल्याने कोणी सोडून जात नाही. नवी पुस्तके येत नाहीत म्हणून लोक सोडून जातात. आणि वर्गणी वाढवल्याखेरीज नवी पुस्तके येणार नाहीत."

आता पाच विधाने. (अ) वाचनालयाचे सभासद कमी झाले आहेत. (ब) वर्गणी वाढवणे हे सभासद कमी होण्याचे कारण ठरते. (क) नवी पुस्तके येणे आवश्यक आहे. (ड) वाचनालय चालू राहावे. (इ) वर्गणी वाढवावी.

मी क्षणाचाही विलंब न लावता (इ) वर खूण केली. एक म्हणते वाढवू नये, दुसरा म्हणतो वाढवावी. मग दुसरा मतभेद तो कोणता? सरांचे उत्तर (ब) होते. मी उठून उभा राहिलो. सर म्हणाले, "दिगंबर 'वर्गणी वाढवा' असे कुठे म्हणाला ते वाक्य मला दाखव." मी पुन्हा वाचले. तसे वाक्य नव्हते. मी म्हणालो, "पण सर, त्याला म्हणायचे तेच आहे." त्यावर सर शांतपणे म्हणाले, "तुझ्या मनातला दिगंबर वेगळा आणि कागदावरचा दिगंबर वेगळा. कागदावरचा एवढेच म्हणतो की वर्गणीशिवाय पुस्तके नाहीत. तो उद्या म्हणेल, मग राहू देत पुस्तके, आणि वाचनालयही राहू दे."

वर्ग हसला. मी बसलो, पण मनातून बसलो नव्हतो.

सरांनी मग रीत सांगितली, ती अगदी साधी आहे. प्रत्येक विधान उचलायचे आणि तीन गोष्टी पाहायच्या. पहिल्या माणसाचे या विधानावर काही मत त्याच्या शब्दांतून निघते का? दुसऱ्याचे निघते का? निघत असेल तर एकाचे 'होय' आणि दुसऱ्याचे 'नाही' आहे का? तिन्ही जुळले तरच तो मतभेदाचा मुद्दा. (अ) वर दिगंबराचे 'होय' आहे, पण सुमन सर्वसाधारण नियम सांगते, आपल्या वाचनालयाचे सभासद घटले की नाही यावर तिने तोंडच उघडलेले नाही. (क) वर सुमनचे काही मत नाही. (ड) वर दोघांचे काही मत असलेच तर ते एकच. राहिले (ब) आणि (इ). (ब) वर एकीचे स्वच्छ 'होय' आणि एकाचे स्वच्छ 'नाही'. (इ) वर एकीचे 'नाही', आणि दुसऱ्याचे 'होय' आपण त्याच्या तोंडात घातलेले.

घरी जाऊन मी यावर बराच विचार केला. माझे आजही असे मत आहे की माणसे बोलताना निम्मे बोलतात आणि निम्मे ऐकणाऱ्यावर सोपवतात. सगळेच उच्चारत बसलो तर चहा मागायलाही पाच वाक्ये लागतील. तेव्हा न उच्चारलेले पण अभिप्रेत असलेले मतही मोजले पाहिजे. सरांना हे सांगितले तर ते म्हणाले, "मलाही मान्य आहे, फक्त ते अपरिहार्यपणे निघाले पाहिजे." म्हणजे न बोललेले मोजावे की नाही, यावर आमचा वाद नव्हताच! किती लांब उडी मारलेली चालते, एवढ्यावरच होता. हे कळायला आम्हाला तीन दिवस लागले. हेच पहिल्या दिवशी कळले असते तर मी वर्गात तावातावाने जे बोललो त्यातले तीन चतुर्थांश बोललोच नसतो.

बाजारातील मार्गदर्शकांत या प्रश्नांसाठी युक्त्या दिलेल्या असतात. 'नेहमी', 'फक्त', 'कधीच' असे शब्द असलेले विधान सोडून द्या, सर्वांत लांब विधान आधी तपासा, वगैरे. अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या अशा एका जाडजूड पुस्तकाने माझे दोन आठवडे खाल्ले. युक्तीने गुण मिळत असतील. पण ज्या गोष्टीसाठी हा प्रश्न घातला जातो ती गोष्ट, म्हणजे समोरच्याचे ऐकणे, युक्तीने टाळताच येते. मला त्याचा राग आहे.

वास्तविक आपल्याकडे हा विचार नवा नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. तत्त्व कळावे म्हणून प्रमाणांच्या आधारे पक्ष-प्रतिपक्ष मांडणे तो वाद. जिंकण्यासाठी छल वगैरे साधने वापरून केलेला तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडत राहणे ती वितंडा. 'वितंडवाद' हा शब्द आपण मराठीत कुठल्याही निरर्थक भांडणाला लावतो. परंतु मूळ व्याख्या फार नेमकी आहे, आणि परीक्षेतला सर्वांत मोठा सापळा तोच आहे. पुष्कळदा दुसरा बोलणारा पहिल्याचे कारण खोडतो, निष्कर्ष खोडत नाही. "पाऊस पडणार, कारण मुंग्या अंडी घेऊन चालल्या आहेत" असे कोणी म्हटले आणि दुसरा म्हणाला, "मुंग्यांवरून पाऊस कळत नाही," तर पाऊस पडणार की नाही याबद्दल दुसऱ्याने काहीच सांगितलेले नाही. तरी आपण हटकून समजतो की याच्या मते पाऊस पडणार नाही. घरात, वर्गात, निवडणुकीच्या दिवसांत तर पदोपदी, आपण असेच समजतो. एखाद्याने आपले कारण खोडले की तो आपला शत्रूपक्ष!

दुसरा सापळा शब्दांचा. न्यायशास्त्राने त्याला वाक्छल म्हटले आहे आणि भाष्यात त्याचे गमतीचे उदाहरण आहे. एकाच्या अंगावर 'नव' कांबळे आहे असे कोणी म्हणतो, त्याच्या मनात 'नवीन'. ऐकणारा 'नऊ' असा अर्थ घेऊन म्हणतो, याच्याकडे नऊ कांबळी कुठे आहेत, एकच तर दिसते! असे वाद फुटकळ वाटतात, पण 1907 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत विल्यम जेम्स या अमेरिकन तत्त्वज्ञानेही खार आणि माणूस यांची एक गोष्ट सांगितली आहे. झाडाच्या खोडाला चिकटलेली खार; पलीकडून तिला पाहण्यासाठी माणूस झाडाभोवती फिरतो, तशी तीही खोडाभोवती सरकते. माणूस खारीभोवती फिरला की नाही? मंडळी हमरीतुमरीवर आली होती. जेम्सने विचारले की 'भोवती' म्हणजे काय म्हणायचे आहे, ते आधी सांगा. झाडावर खार कुठे होती आणि माणूस कुठे, यावर कोणाचाच मतभेद नव्हता.

आता आपल्या वादविवाद स्पर्धांकडे वळू. मी दोन वर्षे महाविद्यालयाच्या संघातून बोललो आहे, एक चषकही आणला आहे, तेव्हा हे मत्सरापोटी लिहीत नाही. स्पर्धेत विषय दिला जातो, चिठ्ठ्या टाकून अनुकूल-प्रतिकूल बाजू ठरते, आणि प्रत्येक जण घरून पाठ करून आणलेले भाषण म्हणतो. आधीच्या वक्त्याने काय सांगितले याचा पुढच्याशी संबंध नसतो. "माझ्या प्रतिस्पर्धी मित्रांनी जे मुद्दे मांडले ते किती पोकळ आहेत..." एवढे एक वाक्य मध्ये येते, तेही पाठ केलेले. गेल्या वर्षी एका स्पर्धेत माझ्या आधीचा वक्ता भाषण विसरून दोन मिनिटांत खाली बसला. त्याने एकही मुद्दा मांडला नव्हता. तरी मी ठणकावून सांगितले की त्याचे मुद्दे पोकळ आहेत. टाळ्या पडल्या. आम्हा दोघांतला तो जल्पसुद्धा नव्हता.

यासाठी माझी एक सूचना आहे. आपल्या महाविद्यालयाच्या स्पर्धेत प्रत्येक वक्त्याने पहिल्या मिनिटात दोन गोष्टी कराव्यात : प्रतिपक्षाचे म्हणणे अशा शब्दांत सांगावे की त्या पक्षाने मान डोलवावी; आणि मग ज्या एका वाक्यावर 'तुमचे होय, माझे नाही' आहे ते वाक्य उच्चारावे. याला दहा गुण. उरलेले आवाज, अभिनय, सुभाषिते यांना खुशाल द्या. ही सूचना मी एका प्राध्यापकांपुढे ठेवली तेव्हा ते म्हणाले, "अरे, मग स्पर्धेत रंग काय राहील? अर्ध्या विषयांत मतभेदच नाही असे निघायचे!" निघेल, तर निघू दे की. विषय निवडणाऱ्यांना ते कळलेले बरे.

ज्यांना हे फार मवाळ वाटेल त्यांनी आपल्याकडचे खरे वाद पाहावेत. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचे संमतिवय दहावरून बारा केले. त्यावरून महाराष्ट्रात जे रण माजले ते आपण इतिहासाच्या तासाला 'सुधारक विरुद्ध सनातनी' या एका ओळीत लिहितो आणि गुण मिळवतो. पण मुद्दा कोणता, हा प्रश्न त्याला लावून पाहा. बालविवाह चांगला की वाईट, हा टिळक-आगरकरांतला मुद्दा होता काय? मुलींचे लग्न सोळा वर्षांच्या आत करू नये, असा नियम सुधारणेच्या पुरस्कर्त्यांनी आधी स्वतःला लावून घ्यावा, असे टिळकांनीच 1890 मध्ये सुचवले होते. परक्या सरकारने आपल्या घरातल्या चालीत कायद्याने हात घालावा काय, या वाक्यावर मात्र आगरकरांचे 'होय' आणि टिळकांचे 'नाही' होते. त्याच सुमारास टिळकांचा डॉ. भांडारकरांशीही वाद झाला, आणि त्याचा मुद्दा निराळा : धर्मशास्त्र याबाबत काय सांगते? आगरकरांना त्या प्रश्नाचे फारसे महत्त्व नव्हते. शास्त्र काहीही सांगो, विवेकाला पटेल ते करावे हा त्यांचा बाणा. म्हणजे एकाच कायद्यावर, एकाच वेळी, एकच माणूस दोघांशी दोन वेगळे वाद करत होता. एका ओळीच्या उत्तरात यातले काय उरते?

याहूनही मोठे उदाहरण डॉ. आंबेडकरांचे. लाहोरच्या जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने संमेलनच रद्द केल्यामुळे न झालेले भाषण त्यांनी 1936 मध्ये स्वतः छापले. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. 1937 च्या दुसऱ्या आवृत्तीत आंबेडकरांनी काय करावे? गांधीजींचे लेख आपल्याच पुस्तकात छापले, आणि उत्तर देताना आधी आपण मांडलेल्या मुद्द्यांची क्रमवार यादी दिली, यांपैकी कशाला उत्तर मिळाले आहे हे वाचकाला पाहता यावे म्हणून. त्यांच्या उत्तराची धार जराही कमी नाही. पण ती धार कुठे लागते आहे हे स्वच्छ दिसते. मवाळपणाशी याचा काही संबंध नाही.

अर्थात एक शंका मला छळते, आणि ती लपवणे बरे नव्हे. "मुद्द्यावर या" असे आपल्याकडे कोण कोणाला म्हणतो? बहुधा ज्याच्या हातात माईक असतो तो. आणि मुद्दा कोणता हेही त्यानेच ठरवलेले असते. वसतिगृहाच्या सभेत मुलींनी रात्री फाटक बंद करण्याच्या वेळेबद्दल बोलायला सुरुवात केली की "आजचा मुद्दा भोजनालयाचा आहे" असे सांगण्यात येते. कागदावरच्या प्रश्नात पाच विधाने परीक्षकाने आधीच लिहून दिलेली असतात. खऱ्या आयुष्यात ती कोणी लिहायची? सहावे विधान लिहिण्याचा हक्क कोणाला? याचे उत्तर परीक्षेच्या पुस्तकात नाही.

कायद्याने यावर आपल्यापुरता तोडगा काढलेला आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 14 मध्ये म्हटले आहे की, तथ्याची किंवा कायद्याची एखादी महत्त्वाची बाब एका पक्षकाराने प्रतिपादावी आणि दुसऱ्याने नाकारावी, तेव्हा मुद्दा निघतो. म्हणजे सरांची रीतच. दावा आणि लेखी कैफियत वाचून न्यायाधीश हे मुद्दे लिहून काढतात आणि पुढचा सगळा पुरावा तेवढ्यावरच चालतो. कोर्टाच्या भाषेत याला 'मुद्दे काढणे' म्हणतात. हा शब्द मी पुस्तकात वाचण्यापूर्वीच घरात ऐकला होता. कारण आमच्या घरातलाच एक दावा गेली चार वर्षे चालू आहे.

वादी माझे काका, नाना. प्रतिवादी माझे वडील. सात वर्षांपूर्वी सामाईक विहिरीवरून आमच्या रानाकडे अण्णांनी पाइपलाइन टाकली ती नानांच्या वाट्याच्या बांधातून. तेव्हापासून दोन्ही घरांत बोलणे नाही. या सात वर्षांत मी जे ऐकले त्यात आजोबांच्या आजारपणाचा खर्च होता, आजीच्या पाटल्या होत्या, विहिरीकडचा चांगला तुकडा कोणाकडे गेला हे होते, आणि माझ्या आत्याच्या लग्नातला एक मानपानाचा प्रसंगही होता. मुद्द्यांचा कागद मी वकिलांकडे पाहिला तेव्हा त्यात यांतले एक अक्षर नव्हते. प्रतिवादीने वादीच्या संमतीवाचून पाइप टाकला, हे वादी सिद्ध करतात काय? पाइप काढून मिळण्यास वादी पात्र आहेत काय? काय आदेश? बस.

दिवाळीच्या सुट्टीत मी सरांची रीत घरी लावून पाहिली. अण्णांना विचारले, मग बांध ओलांडून नानांकडेही गेलो. पाणी दोघांचे आहे काय? दोघांचेही होय. पाइप टाकणे गरजेचे होते काय? दोघांचेही होय. नाना तर म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी नको म्हणालो असतो का रे?" मग राहिले ते एकच. अण्णा म्हणतात, "आजोबांच्या दहाव्याला नदीवर मी त्याला सांगितलं होतं." नाना म्हणतात, "मला विचारलं नाही."

दोन्ही वाक्ये मी वहीत एकाखाली एक लिहिली आणि बराच वेळ पाहत राहिलो. एकाचे 'होय' आणि एकाचे 'नाही' असे ते एक वाक्य नव्हतेच. 'सांगितले' आणि 'विचारले'. आपण विचारले होते असे अण्णा कधीच म्हणालेले नाहीत. आणि त्यांनी सांगितलेच नाही असे नानाही म्हणत नाहीत, एवढेच म्हणतात की त्या दिवशी काही कानात शिरण्याच्या स्थितीत आपण नव्हतो. मग मतभेद कुठे आहे? मी वहीत तिसरे वाक्य लिहिले : 'थोरल्या भावाने सांगितले म्हणजे विचारल्यासारखेच.' यावर अण्णांचे होय आहे आणि नानांचे नाही.

हे वाक्य दाव्यात नाही, कैफियतीत नाही, मुद्द्यांतही नाही. ते मी अण्णांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "यात लिहिण्यासारखं काय आहे? तसंच असतं." नानांना दाखवले तेव्हा ते काही बोलले नाहीत, वही बराच वेळ हातात धरून बसले आणि मग काकूंना चहा ठेवायला सांगितला. सात वर्षांनी त्या घरचा चहा मी घेतला. अण्णांना तो सांगितलेला नाही. सांगितला नाही की विचारला नाही, ते वाचकांनी ठरवावे.

पुढची तारीख परीक्षेच्या आठवड्यात आहे. तालुक्याला सकाळची एस. टी. एकच असते, तेव्हा दोघेही तिनेच जातील.